भाकर निवतीया

लोणी
२३ नोव्हेंबर २०२५

प्रबुद्ध,

जय भीम आधी घालत नाही. पत्र संपेपर्यंत राग उतरला तर शेवटी घालीन.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या रेघा उमटतात आणि तू गप्प. म्हणून पोस्टानं पाठवतेय, पाकीट तरी फाडावं लागेल. पाकीट आणायला गेले तर पोस्टातला माणूस म्हणाला, "ताई, राखीपौर्णिमा तर कवाच झाली, आता कुणाला?" म्हटलं, सख्ख्या भावाला, पुण्यात असतो. "पुण्यातच?" म्हणाला आणि पाकीट पुढं सरकवलं.

परवा काय झालं ते सांगते. मी शिलाई मशीनवर बसले होते. तुझे दाजी नारायणगावला टोमॅटो टाकून आले होते आणि मोरीत हातपाय धूत होते. त्यांचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. प्रतीक्षा बाहेर शेजारच्या साळुबाईच्या ओट्यावर. आणि माझ्या पाठीमागून हाक आली, "भाकर निवतीया गं, कुठं हायेस?"

माझा पाय मशीनवरच थांबला. मी चुलीकडं बघितलं रे. आई जाऊन दोन वर्षं झाली, मी स्वतः तिला शेवटची अंघोळ घातलेली, तरी मान वळवून चुलीकडं बघितलं. तिथं कोण असणार? पुन्हा हाक आली तेव्हा कळलं, खिडकीतला फोन बोलतोय.

प्रतीक्षा धावत आली. मला वाटलं, आजीची हाक ओळखली पोरीनं. ती मला ओलांडून खिडकीशी गेली, फोन घेतला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. म्हटलं, काय गं ते? तर म्हणाली, "माझं करडू. त्याला भूक लागली." दाखवलं मला. सोनकरडू नावाचा खेळ आहे. एक करडू पाळायचं, त्याला भाकर चारायची. ती भाकर फुकट मिळत नाही. एक जाहिरात बघायची, मग दुसरी बघायची, नाहीतर पैसे भरायचे. पोरगी नऊ वर्षांची आहे. तिला घरकर्जाची जाहिरात तोंडपाठ झालीय.

आवाज आईचा नाही, कुण्या दुसऱ्या बाईचा आहे. पण तो 'गं' ओढलाय तो आईसारखाच. म्हणजे त्या बाईला कुणीतरी म्हणून दाखवलंय. गावात कुणी म्हणतं 'जेवाया या', कुणी म्हणतं 'भाकर गार झाली'. 'निवतीया' म्हणून हाक मारणारी एकटी आपली आई, जानकाबाई. आणि तीही भाकर तव्यावर पडायच्या आधी! आठवतंय ना? आपण खेळ टाकून पळत यायचो आणि ही अजून पिठात पाणी घालतेय. तू चिडायचास, "आये, कुठं निवतीया?" ती म्हणायची, "बस, आता हुतीच."

तू मागं म्हणाला होतास, कंपनीत मराठी लिहायचं काम आहे, मुलांचे खेळ आहेत. हेच का ते? हो की नाही, एवढंच कळव.

मला राग आलाय असं वर लिहिलं खरं. पण खरं सांगू, काहीच येत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो बघ, मग ओठ आपलाच असतो पण आपला वाटत नाही. तसं झालंय.

जय भीम राहू दे.

ताई


लोणी
९ डिसेंबर २०२५

प्रबुद्ध,

आलं तुझं उत्तर. व्हॉट्सॲपवरच आलं, पण आलं. "हो ताई, मीच लिहिलं. आईची आठवण राहावी म्हणून. लाखो मुलं रोज ऐकतात." आणि खाली जोडलेले हात. ते हात कुणाला जोडलेस, मला की आईला?

आठवण म्हणतोस. आईच्या पुण्यानुमोदनाला विहारात एकेक जण उठून बोलत होतं. तू उठलास. हाक कशी मारायची ते सांगायला लागलास आणि 'निवतीया'पर्यंत आलास, पुढं तुला बोलताच येईना. तसाच खाली बसलास. सगळा विहार रडला. भागूमावशी तर पदरात तोंड घालून बसली. मी रडले नाही, मला पंगत वाढायची होती. पण माझ्या मनात आलं, आई जाताना हा मंचरच्या दवाखान्यात उशिरा पोचला, हे याला जन्मभर टोचणार. माझा जीव तुटला रे तुझ्यासाठी. आणि तू तिथून उठलास आणि ते कंपनीत नेऊन विकलंस.

आता हाक काय करते ते ऐक. परवा संध्याकाळी मी पोरीला वाढलं. ताटात बाजरीची भाकर, पिठलं, कांदा. पहिला घास तोंडाशी नेला आणि फोन म्हणाला, भाकर निवतीया गं. ही ताटावरनं उठली. करडाला भाकर चारायला! जाहिरात संपेस्तोवर तिची ताटातली भाकर खरोखरची निवली. मला हसू आलं. एकटीच हसत बसले तेव्हा दाजींनी बघितलं माझ्याकडं.

आमच्याच घरात आहे असंही नाही. साळुबाईचा नातू समर्थ, त्याच्याही फोनात करडू आहे. खेळ आधी विचारून घेतो म्हणे, मुलगा की मुलगी. मग मुलाला 'रं', मुलीला 'गं'. एवढी काळजी! दिवेलागणीला भिंतीच्या अल्याड 'गं' आणि पल्याड 'रं', आणि दोन्ही पोरं आपापल्या कोपऱ्यात. साळुबाई काय म्हणाली माहितेय? "स्नेहा, तुझी आई गेलीच न्हाई बग, फोनात ऱ्हायली." चांगल्या मनानं म्हणाली बिचारी.

आई गेल्यावर मी तीच हाक मारायचे प्रतीक्षाला. आपोआप तोंडात यायची. आता मारली की पोरगी आधी फोनकडं बघते. म्हणून सोडली. आता नुसतं म्हणते, "प्रतीक्षा, जेवायला." शाळेत हजेरी घ्यावी तसं वाटतं.

फोन काढून घे, असं तू म्हणशील. काढून घेतला. मग ती दारात बसून राहते, न बोलता, हात मांडीवर ठेवून. त्याला भूक लागली असंल, एवढंच म्हणते. मी तर हात टेकले.

ती ओळ काढ. तूच लिहिलीस ना, मग तूच काढ. फक्त आमच्या फोनातून नको, सगळ्यांच्या काढ.

ताई


लोणी
२१ डिसेंबर २०२५

प्रबुद्ध,

करडू मेलं.

शाळेची सहल आहुप्याला गेली होती, देवराई बघायला. आदल्या दिवशी प्रतीक्षानं बापाला नीट समजावलं. "पप्पा, हाक आली की हितं दाबायचं, जाहिरात संपस्तोवर थांबायचं, मग भाकर द्यायची. इसरू नका हं." दाजी म्हणाले, "व्हय गं बाई, देतो." मनापासून म्हणाले. पण ते गेले नारायणगावच्या बाजारात. क्रेट उतरवलेले, बोली चाललेली, आणि यांच्या शर्टाच्या खिशातून भाकर निवतीया गं सुरू झालं. सगळे आडते हसायला लागले. "सोमनाथराव, कुणाची भाकर निवतीया राव? घरी पळा!" दाजी लाजले. आवाज बंद केला आणि विसरून गेले. बाजारात कुणाच्या ध्यानात राहणार?

पोरगी सहलीवरून आली ती हसत आली रे. पाय लाल मातीनं भरलेले. पहिल्यांदा इतकं बोलली. म्हणाली, "आई, तिथं ना, पान सुदिक उचलायचं न्हाई. वाळकं असलं तरी न्हाई. मास्तर म्हणले, तिथलं कुणी घरी न्हेत न्हाई आन् इकत बी न्हाई." मी म्हटलं, बरं झालं बाई, कुठंतरी तसं आहे.

मग फोन घेतला तिनं. करडू आडवं पडलेलं, पाय ताठ. वर लिहिलेलं, "तू आली न्हाईस. मी लई वाट बघितली." आणि खाली हिरवं बटण, "जीव परत आण". ते दाबलं की पैसे मागतं.

हेही वाक्य तुझंच ना? कुठून सुचलं ते विचारत नाही. मंचरच्या दवाखान्यात आई शेवटी काय म्हणत होती ते मीच तुला सांगितलं होतं, दवाखान्याच्या पायरीवर. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

ती रडली नाही. फोन फळीवर ठेवला, पाय धुतले, ताटावर बसली आणि जेवली नाही. दाजी अगदी कानकोंडे झाले. म्हणाले, "चुकलं माझं बाळा, आपण दुसरं घिऊ." तर म्हणाली, "तुमचं न्हाई चुकलं पप्पा. मीच गेले ना सहलीला."

त्या दिवसापासून भाकरीचा एक तुकडा मोडून ती ताटाखाली सरकवते. मला वाटतं मला दिसत नाही असं तिला वाटतं. मी नंतर उचलते आणि शेळीला घालते. आणि शाळेत जायचं नाही म्हणते. का गं, विचारलं. "आपुन गेलं की मागं कुणीतरी मरतं."

सयाजी गुरुजी घरी येऊन गेले. चांगले आहेत मास्तर. त्यांनी गोष्टी सांगून बघितल्या, चित्रं काढून बघितली. ती 'हो सर' म्हणाली. दुसऱ्या दिवशी दप्तर भरलं, दारापर्यंत गेली आणि परत येऊन माझ्या मशीनपाशी बसली. कपड्याच्या चिंध्या एकावर एक रचत बसते. दिवस जातो.

मीही तशीच आहे. ब्लाऊज बेतते, बटणं लावते, लोक येतात, बोलतात, मी हो हो म्हणते. साळुबाईनं विचारलं, तुला बरं न्हाई का? म्हटलं, मला काय धाड भरलीय.

ताई


लोणी
४ जानेवारी २०२६

प्रबुद्ध,

एक तारखेला आम्ही भीमा कोरेगावला गेलो होतो. एवढ्या गर्दीत माणूस दिसत नाही हे मला कळतं, तरी मी तुला बघत होते. निळा शर्ट घातलेला दर दुसरा माणूस मला तूच वाटत होता. प्रतीक्षाला नेलं होतं. सगळा वेळ माझा पदर धरून होती. घरी आल्यावर आधी फळीपाशी गेली, फोन बघायला. करडू तसंच पडलेलं.

तुझा आवाजी मेसेज ऐकला. चूल सारवून झाली, मग दाजींना म्हटलं, लावा परत, परत ऐकला. तू म्हणतोस, "ताई, खेळ आहे तो, एवढं काय? आणि आईपण खोटंच बोलायची की. भाकर कुठं असायची तव्यावर?"

अरे वा रे वा! किती शिकलास! खरंच, नसायचीच भाकर. मग दोन दिवस मशीन चालवता चालवता डोक्यात तेच. आणि मग कळलं मला. आपण पळत यायचो, तिच्यासमोर बसायचो, आणि भाकर यायची. रोज यायची. तिच्या खोट्याच्या शेवटी भाकर होती. घरात पीठ नसलं तर ती हाकच मारायची नाही, आठव. त्या दिवशी ती आपल्याला शोधत यायची, हात धरून भागूमावशीकडं न्यायची. तुझं करडू हाक मारतं, पोरगी पळत जाते, तिथं काय असतं? घरकर्ज.

पुढं तू म्हणतोस, ती ओळ काढता येणार नाही, सगळ्यात जास्त पोरं त्याच ओळीनं परत येतात. साहेबांनी भर मीटिंगमध्ये तुझं कौतुक केलं. पुढच्या वर्षी कानडीत, गुजरातीत तसलीच हाक शोधायचीय. म्हणजे आता आणखी कुणाच्या तरी आईच्या. आहुप्याच्या देवराईतलं वाळकं पान कुणी उचलत नाही आणि तू आपल्या चुलीपुढचं सगळं झाडून नेलंस, असं मला वाटलं. बोलले. झालं.

आणि मग शेवटी तू म्हणतोस, "तुमच्या फोनवरची हाक मी आतून बंद करून देतो. करडूपण जिवंत करून देतो, पैसे नकोत."

हे तू बोललास तेव्हा प्रतीक्षा माझ्या मागंच उभी होती. मला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "मामाला जिवंत करता येतं?"

मी दाजींच्या हातातला फोन काढून घेतला.

"मग आजीला का न्हाई केलं? आपण पैसं भरलं न्हवतं का?"

प्रबुद्ध, ती चेष्टा करत नव्हती आणि रडतही नव्हती. बाजारातून मीठ आणलं का, असं विचारावं तसं विचारलं तिनं. दाजी उठून बाहेर गेले. मी म्हटलं, बाळा, माणसाचं तसं नसतं. तर म्हणाली, "करडाचं असतं?" म्हटलं, ते करडू खरं नव्हतंच गं. "तुला काय म्हाईत?" म्हणाली. "तू कुठं केलंयस?"

बरोबर आहे तिचं. मला काय माहीत?

जिवंत करू नकोस. तुझ्या पाया पडते, ते करडू जिवंत करू नकोस.

ताई


लोणी
११ जानेवारी २०२६

प्रबुद्ध,

जय भीम. बघ, घातला.

काल शाळेत पालकांची बैठक झाली. गुरुजींनी बोलावलेली. मला वाटलं होतं आमचंच घर असेल, तर निम्मा वर्ग निघाला. कुणाचं पोरगं शाळेतून पळून घरी येतं करडाला चारायला. समर्थनं आजीच्या कमरेची पिशवी सोडून करडासाठी पैसे काढले. गावातल्या सुनीलची धाकटी पोरगी तर झोपेत म्हणते, आले आले. बाया आधी एकमेकींना लाजत होत्या, मग एक बोलली आणि सगळ्या बोलल्या. गुरुजी म्हणाले, पोरांना खेळायचा हक्क आहे. खेळाच्या नावाखाली त्यांचा जीव टांगणीला लावून पैसे काढायचा हक्क कुणालाच नाही. आपण बालहक्क आयोगाला लिहू. मग म्हणाले, ही हाक कशी बनवली, कशासाठी बनवली, करडू मारायचं कुणी ठरवलं, हे आतला कुणी सांगेल तर बरं होईल. नुसत्या आपल्या सांगण्याला कोण विचारतंय?

साळुबाईनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलंय, मला वाटतं. पण बोलली नाही.

तुझं नाव मी घेतलं नाही, पुढंही घेणार नाही. घ्यायचं तर तू घे. नोकरी जाईल तुझी, मला कळतं. आईनं तुला शिकवायला काय केलं तेही मला माहीत आहे, तेव्हा नोकरीला लाथ मार असं मी म्हणू शकत नाही. मी एवढंच सांगतेय की बैठकीत एक खुर्ची रिकामी होती.

पण खरी गोष्ट ती नाही. आज मी प्रतीक्षाला म्हटलं, तुला माझं पटत नाही ना, मग ज्यानं करडू केलं त्यालाच विचारू. मामाला बोलावू. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "मामा खरं सांगंल?" म्हणाली.

मी म्हटलं, सांगेल.

हे मी तुझ्या जिवावर बोललेय. दुसरं कुणी तिला सांगू शकत नाही. गुरुजी नाही, दाजी नाही, मी नाही. ते करडू कधी जिवंत नव्हतं, ते तिच्यामुळं मेलं नाही, ते मारायचं तुम्हीच कंपनीत बसून ठरवलंत, हे तिच्यासमोर मांडी घालून, तिच्या डोळ्यांत बघून तुला सांगावं लागेल. आणि आजीचं काय झालं तेही सांग. तू उशिरा पोचलास ते सांग. उशिरा पोचलं म्हणून कुणी मरत नसतं, हे तिला सांगता सांगता तुलाही जरा ऐकू येईल.

येत्या रविवारी ये. मंचरला उतर, दाजी गाडी घेऊन येतील. येताना खाऊ आणू नकोस, काही आणू नकोस. भागूमावशीलाही बोलावते. पोरीनं काल ताटाखाली तुकडा सरकवला तेव्हा मी बघतेय हे तिला दिसलं. तरी सरकवला. म्हणाली, "राहू दे आई, कुणी आलं तर."

ती हाक मी तोंडातून टाकली होती. घरात कुणालाच मारत नाही. आज एकदा मारते. लिहून मारतेय, म्हणजे फोनला ऐकू जायचं नाही. चूल अजून पेटवलेली नाही, पीठ डब्यातच आहे, तुला खोटं सांगत नाही. पण तू येशील तेव्हा भाकर असेल.

भाकर निवतीया रं, कुठं हायेस?